घाई नाही म्हणाले

सेकंदकाट्याला एका जागी बसता येत नसे. हे नाव त्याला मंडळीनं दिलं होतं, आणि मंडळीनं दिलेलं नाव बाप्तिस्म्याच्या नावापेक्षा जास्त टिकतं. उपासनेत तो शेवटच्या बाकाच्या कडेला बसायचा. बसायचा असं आपलं म्हणायचं. प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना तो उठून खिडकीची कडी लावायचा, एखादी तिरकी खुर्ची सरळ करायचा आणि ‘आमेन’च्या आत जागेवर परत यायचा. धंद्यानं तो घड्याळजी होता. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवताना त्याच्या हातातला चिमटा जराही हलत नसे. हलायचा तो बाकीचा माणूस.

"देवानं तुझे हात वेगळ्या दुकानातून आणलेत," त्याची बायको म्हणायची.

दुकान वडिलांचं. वडील गेल्याला चार वर्षं झाली होती. तेही घड्याळजी, आणि शिवाय एकोणीस वर्षं मंडळीचे कारभारी. म्हणजे हॉलची चावी त्यांच्याकडे, खुर्च्या त्यांच्याकडे, कपाट आणि कपाटातल्या कपबशा त्यांच्याकडे. ते गेले तेव्हा सगळ्यांनी एकदा सेकंदकाट्याकडे पाहिलं होतं. तेवढ्यात तो उठून पंखा बंद करायला गेला. मग कुणीतरी म्हणालं, "त्याला आधी जरा स्थिर होऊ दे," आणि चावी दुसऱ्याकडे गेली. हे वाक्य सेकंदकाट्याला चार वर्षं बुटातल्या खड्यासारखं टोचत होतं. तेहतीस वर्षांच्या आयुष्यात त्याच्या हवाली कुणी काही केलं असेल तर ती बंद पडलेली घड्याळं.

आता ते दुसरे कारभारीही लेकीकडे राहायला निघाले, आणि पाळकसाहेबांनी जाहीर केलं की पुढचे सात रविवार कारभारीपणावर वाचनं होतील. दर आठवड्याला एक उतारा आणि त्याबरोबर घरी करायचं एक काम, असा छापील कागद मिळेल. सातव्या रविवारी नवा कारभारी निवडायचा. या मंडळीत हे पद मागायचं नसतं. मागितलं की मिळत नाही. सात आठवडे लोक आपल्याकडे बघतात आणि ते बघतायत हे आपल्याला माहीत नाही, असं आपण वागायचं असतं. सेकंदकाट्यानं हे वागणं इतकं मनावर घेतलं, की पहिल्याच रविवारी दोघांनी त्याला मान अवघडलीय का म्हणून विचारलं.

पहिला उतारा होता तो मालक परगावी जाताना नोकरांच्या हाती संपत्ती सोपवून जातो, त्याचा. दोघे नोकर ती वाढवतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो. कागदावरचं काम एवढंच होतं: घरातला बरेच दिवस न उघडलेला एक खण उघडा.

सेकंदकाट्याला विचार करावा लागला नाही. दुकानात वडिलांच्या मेजाला सगळ्यात खालचा एक खण होता, आणि तो चार वर्षं त्याच्यावर पाय ठेवून बसत होता. सोमवारी सकाळी त्यानं तो उघडला. आत एकतीस घड्याळं होती, सगळी दुरुस्त झालेली, आणि एकही नेलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या पट्ट्याला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर वडिलांचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर.

वडील कधी गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे नाहीत. "समोर अख्खा माणूस उभा असताना त्याला नाव काय विचारायचं," असं त्यांचं म्हणणं. ते माणूस बघायचे आणि बघितलेलं लिहायचे. एका चिठ्ठीवर होतं, ‘उंच. हसत नाहीत.’ दुसरीवर, ‘दोन मुली. धाकटी बोलते.’ तिसरीवर, ‘पाय आपटत चालणारे.’ एकीवर तर फक्त ‘सारखी माफी मागतात’ एवढंच.

सेकंदकाट्यानं एकतीस घड्याळांना चावी दिली. सगळी एकदम चालू झाली. पाच मिनिटं त्यानं तो आवाज ऐकला, मग खण बंद केला. खण बंद केला तरी आवाज बंद झाला नाही.

दुसऱ्या आठवड्यात ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं एक द्यावा, हा उतारा होता. सेकंदकाट्यानं त्याच दिवशी कपाटातला जाड कोट उचलला आणि बसथांब्यावर कुडकुडत बसलेल्या एका माणसाला देऊन टाकला. संध्याकाळी कळलं की कोट मेव्हण्याचा होता.

"दुसऱ्याच्या वस्तूंचं दान करायला तुला एवढी घाई का असते?" बायकोनं विचारलं.

"मला वाटलं माझाच आहे."

"तुला काय, हातात आलं की तुझंच वाटतं."

हे ती कोटाबद्दल बोलली होती. पण सेकंदकाट्याचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर गेला.

त्या मनगटावरही एक घड्याळ होतं, आणि हे जरा नीट सांगायला हवं. दुरुस्त झालेलं घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी आठवडाभर स्वतःच्या हातावर चालवून बघायचं, अशी वडिलांची पद्धत होती. "खिळ्याला टांगलेलं घड्याळ खोटं बोलतं," ते म्हणायचे. "हात हलला की खरं काय ते कळतं." त्यामुळे त्यांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत दोन-तीन घड्याळं कायम असायची, आणि चिठ्ठ्या तेवढ्या खणात. स्वतःचं असं घड्याळ मात्र त्यांच्याकडे नव्हतं. ज्या आठवड्यात ते गेले, त्या आठवड्यात हातावर एकच होतं: पांढरी तबकडी, निळसर काटे, मागं-पुढं होण्याचं नाव नाही. दवाखान्यातल्या परिचारिकेनं ते कागदी पाकिटात घालून सेकंदकाट्याच्या हातात दिलं. त्यानं ते मनगटावर बांधलं आणि तसाच दफनाला गेला. तेव्हापासून ते तिथंच होतं. कुणी म्हणालं, छान आहे घड्याळ, की तो म्हणायचा, "बाबांचं." चार वर्षांत हे इतक्या वेळा म्हणून झालं होतं, की त्याला ते जवळजवळ आठवायलाच लागलं होतं.

तिसरा उतारा होता, उद्याची काळजी करू नका. तो आठवडा सेकंदकाट्याला सगळ्यात कठीण गेला. काळजी करायची नाही हे कसं जमणार, याची त्याला इतकी काळजी लागली की तो गुरुवारी जेवला नाही. चौथा उतारा होता त्या लबाड कारभाऱ्याचा, ज्याला नोकरीवरून काढताना मालक वर शाबासकीही देतो. तो कुणालाच कळला नाही. पाळकसाहेबांनी चाळीस मिनिटं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मलाही पूर्ण कळलाय असं नाही. आपण गीत गाऊ या."

पाचवा आला: जो थोडक्यात विश्वासू, तो पुष्कळातही विश्वासू. काम होतं: तुमच्याकडे असलेली पण तुमची नसलेली वस्तू ज्याची त्याला परत करा.

त्या दिवशी बाहेर पडताना बेकरीवाल्या मावशी त्याला म्हणाल्या, "काय रे सेकंदकाट्या, तू तर कोट दिलास म्हणे." मावशी पहाटे तीनला उठणाऱ्या, आणि रविवारी हॉलचं दार उघडायला सगळ्यांच्या आधी हजर. मंडळीत कोण काय करतं हे त्यांना भट्टीच्या आधी कळतं.

"दिला खरा."

"आणि आता काय देणार?"

"एकतीस घड्याळं."

मावशींनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बघू," त्या म्हणाल्या. मंडळीत मावशींच्या ‘बघू’ला वजन होतं.

सोमवारपासून दुकानाला दुपारनंतर कुलूप दिसू लागलं. सेकंदकाटा पिशवीत घड्याळं घेऊन गल्ल्या पालथ्या घालू लागला. पिशवी टिकटिकत होती. एका दुकानात तर ती काउंटरवर ठेवताच सगळं गिऱ्हाईक बाहेर पळालं.

‘उंच. हसत नाहीत’ हे वर्णन चार जणांना लागू पडत होतं. सेकंदकाट्यानं चौघांच्या घरी जाऊन प्रत्येकाला तोच एक विनोद सांगितला. तिघं हसले. चौथ्यानं "मग पुढं काय झालं?" असं विचारलं, आणि घड्याळ त्याचंच निघालं. ‘पाय आपटत चालणारे’ आता चालत नव्हते, खाटेला खिळले होते; पण पडल्यापडल्या खाटेच्या पायथ्याच्या फळीवर टाचा आपटत होते, म्हणून ओळख पटली. घड्याळ कानाशी धरून ते म्हणाले, "मला वाटलं होतं तुझ्या बापानं विकून खाल्लं. मी तसं पुष्कळांना सांगितलंय. आता सगळ्यांकडे परत जाणार कोण?" सेकंदकाटा म्हणाला, "मी जातो." आणि गेलाही, सात घरी. ‘दोन मुली. धाकटी बोलते’ यांच्या घरी दार थोरल्या मुलीनं उघडलं आणि ती तासभर एकटीच बोलली. धाकटी कोपऱ्यात गप्प बसून होती. निघताना सेकंदकाट्यानं तिला हळूच विचारलं, "तू बोलायचीस ना?"

"बोलायचे," ती म्हणाली. "मग हिनं सुरुवात केली."

‘सारखी माफी मागतात’ या बाई घड्याळ बघून रडल्या. न्यायला आले नाही म्हणून माफी मागितली, रडले म्हणून मागितली, आणि चहात साखर कमी पडली म्हणून आणखी दोनदा.

सहाव्या रविवारी उतारा कुठला होता हे फारसं कुणाला आठवत नाही, कारण सगळे सेकंदकाट्याबद्दल बोलत होते. तेवीस घड्याळं गेली होती. खाटेवरच्या गृहस्थांनी निरोप पाठवला होता की मंडळीत अजून माणसं आहेत. पाळकसाहेबांनी त्याचा खांदा थोपटला. "पुढच्या रविवारचं वाचन तू कर," ते म्हणाले. वाचन कोण करणार यावरूनच पुढं काय होणार हे इथं ओळखतात. घरी जाताना बायको म्हणाली, "चावी आली तर आधी ती कुठं ठेवणार ते ठरव. घराची गेल्या महिन्यात दोनदा हरवलीस."

त्या दिवशीही, नेहमीप्रमाणे, उपासनेआधी घंटाकाका भेटले होते. हॉलच्या मागं एक अरुंद खोली होती, तिच्या छतातून घंटेचा दोर खाली यायचा, आणि दोराजवळच्या स्टुलावर काका बसलेले असायचे. वय ऐंशीच्या पुढं. हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ चार वीसला बंद पडलेलं. मोबाइल दारातल्या टोपलीत बंद करून ठेवायचा नियम. काकांकडे तर मोबाइल नव्हताच. न ओढता वाजणारी घंटा त्यांना पटत नसे. म्हणून दर रविवारी ते सेकंदकाट्याला थांबवायचे.

"किती वाजले?"

"नऊला तीन कमी."

"बरोबर चालतंय ना?"

"एकदम."

"मागंपुढं काही?"

"अजिबात नाही, काका."

"असू दे, असू दे. घाई नाही."

आणि नऊला घंटा. हे शब्द चार वर्षं न बदलता चालले होते. शेवटचं ‘घाई नाही’ हा म्हातारपणातला उपदेश असावा असं सेकंदकाट्याला वाटायचं. अशा चंचल माणसाला असा उपदेश कुणीही करतंच.

शनिवारी दुपारपर्यंत एकतीसच्या एकतीस घड्याळं घरोघर पोचली. शेवटचं देऊन तो दुकानात आला, रिकामा खण पूर्ण बाहेर ओढला आणि फडक्यानं पुसायला घेतला. खणाच्या फटीत एक चिठ्ठी अडकली होती. तिला घड्याळ नव्हतं. दोरा होता, दोऱ्याच्या टोकाला काहीच नव्हतं.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘घंटा. घाई नाही म्हणाले.’

सेकंदकाटा खाली बसला. बहुधा वर्षभरात पहिल्यांदा तो पूर्ण स्थिर बसला होता, आणि नेमकं ते बघायला कुणी नव्हतं. चार वर्षं, दर रविवारी, म्हातारा स्वतःच्या घड्याळात किती वाजले ते त्याला विचारत होता, आणि तो बाही वर सारून सांगत होता.

मग त्याचे पाय सुरू झाले. दुकान लहान होतं. तीन पावलांत भिंत यायची, म्हणून तो वळत राहिला. उद्या वाचन. वाचनाचा कागद खिशात होता. त्यानं काढून पाहिला. मालक कारभाऱ्याला बोलावून हिशोब मागतो तो उतारा. चौथ्या आठवड्यातला, न कळलेला. पाळकसाहेबांनी तो पुन्हा घेतला होता, कदाचित या वेळी जमेल म्हणून. सेकंदकाट्याला तो कागद हातात असतानाच पूर्ण कळला.

सांगून टाकावं? उद्या निवड होती. चावी जवळजवळ हातात आली होती. वडिलांची चावी. एकतीस घड्याळं परत केल्याबद्दल त्याला ती मिळणार होती, आणि बत्तिसावं घालून तो ती घ्यायला जाणार होता. न सांगता परत करावं? परत केलं म्हणजे झालंच की. कागदावर ‘परत करा’ एवढंच होतं, ‘सांगून’ असं कुठं होतं? त्यानं पाचव्या आठवड्याचा कागद शोधून खात्री केली. नव्हतं.

अर्ध्या तासानं तो घंटेच्या खोलीत होता. काका नव्हते. भिंतीला एक लाकडी पेटी होती, तिच्यात दोर ओढताना घालायचे काकांचे सुती हातमोजे असायचे. सेकंदकाट्यानं घड्याळाला चावी दिली, वेळ लावली, आणि ते डाव्या हातमोज्यात सरकवलं. उद्या काका हात घालतील, घड्याळ सापडेल, त्यांना वाटेल चमत्कार झाला. चमत्काराची कुणी चौकशी करत नाही.

परत येताना त्याला हलकं वाटायला हवं होतं. मनगट तेवढं हलकं वाटत होतं. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "घड्याळ?"

"चाचणीला ठेवलंय," तो म्हणाला. हे शब्द कुठून आले त्याला कळलं नाही.

रविवारी मनगटावर जिथं घड्याळ असायचं तिथं कातडीचा एक फिकट पट्टा दिसत होता. त्यानं बाही ओढून घेतली. घंटेच्या खोलीवरून तो मुद्दाम लांबून निघाला होता, पण काका दारातच उभे होते.

"किती वाजले?"

सेकंदकाट्यानं सवयीनं बाही वर सारली. दोघांनी त्या पट्ट्याकडे पाहिलं.

"घड्याळ कुठंय?" काका म्हणाले. त्यांचा आवाज असा त्यानं कधी ऐकला नव्हता.

"दिलं, काका."

"कुणाला?"

"ज्याचं त्याला."

काकांनी मागं हात नेऊन स्टूल चाचपलं आणि त्यावर बसले. "अरे," ते म्हणाले, "ते माझं होतं."

"काका, हातमोजे घाला."

"गरम होतंय मला. हातमोजे कशाला?"

"घाला ना एकदा."

"माझं घड्याळ तू कुणालातरी देऊन आलास, आणि मी हातमोजे घालू?"

हॉलमध्ये मंडळी बसली होती. घंटा झाल्याशिवाय पहिलं गीत सुरू होत नाही, हा नियम होता. बाजाच्या पेटीवर बसलेल्या शिक्षिकेनं दोन वेळा भाता मारून ठेवला होता. शेवटी पाळकसाहेब झगा सावरत बाहेर आले आणि त्यांच्यामागून बेकरीवाल्या मावशी.

"घंटा?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"किती वाजले ते माहीत नाही," काका म्हणाले.

मावशी टोपलीतला एक मोबाइल घेऊन आल्या. तो चालू व्हायला लागला, थांबला आणि त्यानं अपडेट होतोय, अठ्ठावीस मिनिटं थांबा म्हणून सांगितलं. मावशी दुसरा आणायला गेल्या.

तेवढ्यात सेकंदकाट्यानं पेटी उघडली, डावा हातमोजा काकांच्या मांडीवर उलटा केला. घड्याळ बाहेर घरंगळलं. नऊ वाजून सात मिनिटं.

काकांनी ते उचलून कानाशी धरलं. जरा वेळ ऐकलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल झाली.

"म्हणजे चाचणी झाली?" ते म्हणाले.

"कसली चाचणी?" पाळकसाहेब म्हणाले.

"अहो, हे माझं घड्याळ. याच्या वडिलांकडे दुरुस्तीला दिलं होतं. ते म्हणाले, हातावर चालवून बघतो आणि मग देतो. मी म्हटलं घाई नाही. मग ते गेले. दफनाच्या दिवशी बघतो तर याच्या हातावर. बरं वाटलं बघा. म्हटलं, बापाचं काम पोरानं त्याच दिवशी हातात घेतलं." काका पट्टा बांधू लागले. "जरा जास्त दिवस लागले. पण काम चोख आहे. मी दर रविवारी विचारत होतो."

पाळकसाहेब सेकंदकाट्याकडे बघून हसले. दुसरा मोबाइल घेऊन आलेल्या मावशीही बघत होत्या. आता काही न बोलता नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मान हलवणं हे त्याचं रोजचंच काम होतं. ती एरवीही हलत असायची. सेकंदकाट्यानं ती दोन्ही हातांनी धरली.

"चाचणी नव्हती," तो म्हणाला. "मला माहीत होतं ते बाबांचं नाही. कुणाचं आहे ते माहीत नव्हतं, कारण मी शोधलं नाही. मला आवडलं, मी घातलं. काल चिठ्ठी सापडली, तर गुपचूप हातमोज्यात टाकून गेलो. आज मला चावी मिळणार होती म्हणून."

काकांनी पट्ट्याचं बक्कल लावून घेतलं.

"चार वर्षं तू मला खोटी वेळ सांगितलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका. वेळ बरोबर होती."

"मग ठीक आहे," काका म्हणाले, आणि दोर ओढला. नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती.

वाचन त्यानंच केलं. पाळकसाहेब म्हणाले, "कागद तुझ्याच खिशात आहे." तो व्यासपीठावर उभा राहिला, उताऱ्याआधी तीच वाक्यं सगळ्यांसमोर पुन्हा म्हणाला, आणि मग हिशोब मागणाऱ्या मालकाचं वाचलं. वाचताना तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला, त्यामुळे आवाज कधी माइकमध्ये यायचा, कधी नाही. पाळकसाहेबांनी या वेळी तो उतारा समजावून सांगितला नाही.

निवडीची सभा अडचणीत आली. सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं, आणि ते नाव आता सगळ्यांच्या देखत स्वतःच्या पायानं खाली उतरलं होतं. बराच वेळ घसे खाकरून झाले. मग मावशी उठल्या. "मला पुढच्या रविवारी दार उघडायचंय. चावी कुणाकडे तरी द्या. याच्या बायकोकडे द्या. हा काय कुठं ठेवतो, ते तिलाच शोधायची सवय आहे."

हात वर झाले. सेकंदकाट्याचाही झाला. बायको जागेवरून उठली, चावी घेतली, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन ओढली. त्या चेनचा आवाज त्याला शेवटच्या बाकावर नीट ऐकू आला.

"वाईट वाटलं?" बाहेर पडल्यावर तिनं विचारलं.

"हो."

"वाटू दे. खुर्च्या तू लावायच्यास. मी सांगेन तशा." मग थोडं चालून ती म्हणाली, "आणि मेव्हण्याला नवा कोट घ्यायचास."

मागून कुणीतरी हाक मारली. घंटाकाका येत होते, एका हातानं भिंत धरत, दुसरा हात पुढं करून.

"हे बघ," ते म्हणाले. "हॉलमध्ये सगळे मोबाइल चालू झाल्यावर मी ताडून पाहिलं. दोन मिनिटं मागं पडतंय."

"पडणार नाही, काका. काल मी स्वतः लावलंय."

"पडतंय. सगळ्यांचे मोबाइल एक सांगतायत आणि हे एक." त्यांनी बक्कल सोडलं आणि घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवलं. "बघ जरा. हातावर चालवून बघ, तुझे वडील बघायचे तसं. आणि मग दे."

सेकंदकाट्यानं तळहातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. तो चेहरा अगदी साधा होता. त्यात काही लपवलंय की नाही, हे भिंग लावूनही कळलं नसतं.

"कधीपर्यंत?" त्यानं विचारलं.

"घाई नाही," काका म्हणाले. मग जरा थांबून, "रविवारपर्यंत."

दुकान बंद होतं तरी सेकंदकाटा आधी दुकानात गेला. पाठ उघडून पाहिली. केसाएवढ्या स्प्रिंगेवर सुती हातमोज्याचा एक धागा बसला होता. धागा काढायला दोन मिनिटं लागली. पण चाचणी तर करायलाच हवी होती, आणि चाचणी हातावरच होते. त्यानं घड्याळ बांधलं, काढलं, पुन्हा बांधलं. मग खण ओढून ती जुनी चिठ्ठी काढली, पेन्सिलीनं खाली एक ओळ वाढवली, ‘रविवारपर्यंत,’ आणि दोऱ्यानं ती मनगटावरच्या पट्ट्याला घट्ट बांधली.

त्या आठवड्यात ज्यांनी सेकंदकाट्याला पाहिलं त्यांनी त्याला असाच पाहिला. भाजी घेताना, बसच्या दांड्याला लोंबकळताना, मेव्हण्यासाठी कोट बघताना, त्याच्या मनगटावरून पुठ्ठ्याची एक चिठ्ठी लोंबत असे. हात हलला की तीही हलायची. आणि हात त्याचा होता, म्हणजे ती कधी थांबायचीच नाही. लोक विचारायचे, हे काय आहे? तो थांबून, चिठ्ठी सरळ करून दाखवायचा.

"काकांचं," तो म्हणायचा, आणि पुढं चालू लागायचा.